नंदीचा दुसरा कान

रामकृष्णहरी. मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीही सरका. खांब पडणार नाही, मी हमी घेतो.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जो माणूस काही झाकून ठेवतो, तो चोर असतो का?

घाई नाही, विचार करून सांगा. बरं, इथं येताना घराला कडी लावून कोण कोण आलंय? हात वर करा. बघा, सगळा मंडप चोरांचा निघाला. आणि ही समोरची माउली मघापासून एक डबा पदराखाली धरून बसलीय. विचारलं तर म्हणेल, प्रसाद आहे. प्रसाद आहे तर झाकला कशाला? बाई, तुमचं राहू द्या, देवाचंच घ्या. दुपारी नैवेद्य दाखवला की पुजारी पडदा ओढतो. देव पडद्याआड जेवतो. आत काय चोरून खातो तो? वरणभात.

हसलात. पण ज्यांच्या कंपन्या आपण खिशात घेऊन हिंडतो, ती मोठी माणसं व्यासपीठावर उभी राहून असंच बोलतात. ज्याला लपवायचं काही नाही, त्याला भ्यायचं कारण नाही, म्हणे. कोणी म्हणतो, खासगीपणा ही जुन्या काळची खोड होती, आता ती संपली, विसरा. आणि आपण माना डोलावतो. का? तर सांगणारा सुटात असतो. धोतरातल्या माणसानं हेच सांगितलं असतं, तर आपण विचारलं असतं, बाबा, तू आमच्या खिडकीत काय करतोयस?

तर त्यावर आख्यान ऐका.

बेलोंडी नावाचं गाव. तीनशे उंबरे, एक ओढा, आणि ओढ्याकाठी बेलेश्वराचं देऊळ. देवळापुढं काळ्या दगडाचा नंदी. त्या नंदीची रीत तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडेही आहे. मनातलं गाऱ्हाणं महादेवाला थेट सांगायचं नाही, तो ध्यानात असतो. नंदीच्या उजव्या कानाला तोंड लावून हळू सांगायचं. आणि सांगताना डाव्या हातानं त्याचा दुसरा कान झाकायचा. कशाला झाकायचा? तर या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं, असं व्हायला नको. आपण माणसांच्या अनुभवावरून शहाणे झालो, म्हणून बैलाचा कान झाकतो.

आणखी एक रीत होती, ती कुठं लिहिलेली नव्हती. एक माणूस नंदीपाशी वाकला की बाकीच्यांनी ओढ्याकडं बघायचं. ओढ्याला पाणी असो नसो. बेलोंडीच्या लोकांनी कोरडा ओढा इतका बघितलाय, मंडळी, की त्यातला गोटा न् गोटा त्यांना ओळखीचा झालाय.

आता याच गावचे एक साहेब, पद्माकर देशमाने. शहरात जाऊन फार मोठे झाले. त्यांच्या कंपनीचं काम काय, तर माणसाला काय हवंय ते त्याच्याआधी ओळखायचं. गावातली जुनी माणसं त्यांना अजून पदूच म्हणत. साहेब एक दिवस गावात आले, देवळाच्या गळक्या छपराकडं बघितलं आणि म्हणाले, "मी छप्पर करून देतो. सगळ्या गावाला फुकट नेट देतो. बदल्यात एवढंच करायचं. नंदीच्या कानात करंगळीएवढं यंत्र बसवू. तुमची गाऱ्हाणी नंदीही ऐकेल आणि आमचा संगणकही ऐकेल. कुणाला काय हवंय ते कळलं, की उपाय घरपोच."

मग पारावरची एक म्हातारी म्हणाली, "पदू, गाऱ्हाणं झाकून सांगायचं असतं रं."

साहेब हसले. "आजी, ज्याला लपवायचं काही नाही, त्याला कसली भीती? लोकांना कळू नये असं काही असेल, तर ते मुळात करूच नये."

टाळ्या पडल्या. गावात टाळ्या कशालाही पडतात, ते मनावर घेऊ नका. पण म्हातारी खमकी. म्हणाली, "तुझ्या बंगल्याला पडदे हाईत का रं?"

"आहेत की. उन्हासाठी."

"व्हय, आमच्याकडं बी ऊन लई असतंय," म्हातारी म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

मग सगळ्यांच्या फोनवर एक कागद आला. चाळीस पानी, शेवटी 'मान्य' असं बटण. देवळाचा केरबा गुरव सरळ माणूस, त्यानं तो खरोखर वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर त्याची पूजेची वेळ झाली. दाबलं बटण. बाकीच्या गावानं वाचायचा प्रश्नच नव्हता. बटण दिसलं की बोट जातं. इथं कोणी वाचून दाबतं का? नाही ना? मग बेलोंडीला हसू नका.

यंत्र बसलं. चार दिवस बरे गेले. मग गंमत सुरू झाली. सरपंचांनी टकलावर केस मागितले. दुसऱ्या दिवशी फोनवर तेलाच्या जाहिराती. बरं, फोन होता सरपंचीणबाईंच्या हातात. त्या म्हणाल्या, "आता ह्या वयात कुणासाठी केस वाढवताय?" सरपंच दोन दिवस टोपी घालून जेवले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण कंपनीच्या माणसानं देवळाच्या दारात एक पाटी लावली, दिव्यांची, अक्षरं पळणारी. वर लिहिलेलं, 'बेलोंडीच्या इच्छा'. लोक बिचकले तर तो म्हणाला, "नाव नाही, घर नाही. नुसते आकडे. कुणाचं काही उघडं पडत नाही."

पाटी पळायला लागली. पाऊस पडावा, एकसष्ट. नोकरी लागावी, चौतीस. सून नांदायला यावी, नऊ. सून वेगळी निघावी, तीही नऊच. शेजाऱ्याची बोअर आटावी, सतरा. हे वाचून सगळं गाव शेजाऱ्याकडं बघायला लागलं. आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ: घरधन्याचा कान बरा व्हावा, एक.

मंडळी, एकसष्टांत माणूस लपतो. एकात कुठं लपणार?

आता हा घरधनी कोण? तो होता भागुजी मास्तर. बेलेश्वर ब्रास बँडमध्ये एकतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणारा. बँडात क्लॅरिनेटवाल्याला मास्तर म्हणतात, कारण गाणं तो उचलतो. त्याचा एक नियम असतो. क्लॅरिनेटनं सूर उचलला, की बाकीच्यांनी कशाला, कुठलं, असं विचारायचं नाही, मागोमाग पडायचं, म्हणजे वाजवायला लागायचं. असा हा मास्तर, आणि दोन वर्षांपासून त्याला ऐकू येणं कमी होत चाललेलं. हे ठाऊक होतं एकट्या त्याच्या बायकोला, सरूबाईला. दर सोमवारी ती नंदीचा दुसरा कान घट्ट झाकायची आणि सांगायची, "देवा, त्यांचा कान परत दे. कान गेला तर बँड गेला. बँड गेला तर त्यांच्यात उरतंय काय?"

यात चोरी कुठली? कुणाचं काय लुबाडलं त्या बाईनं?

पण गाव कामाला लागलं. बहिरा शोधायचा. जो तो पुरुषांच्या पाठीमागून जाऊन हळूच हाक मारायचा. सलून, गिरणी, चावडी, सगळीकडं पाठीमागून हाका. गावातले पुरुष इतके धास्तावले, की कुत्रं भुंकलं तरी 'ओ' देऊ लागले. ज्यांचे कान चांगले होते त्यांच्याही बायकांना लोक विचारायला लागले, "काय वो, घरी सगळं ऐकू येतंय न्हवं?" एक बाई म्हणाली, "माझं सोडून सगळ्यांचं येतंय."

चौथ्या दिवशी भागुजी सापडला. तालमीच्या वेळी त्याच्या पाठीमागं झांजांची जोडी फरशीवर पडली. सगळे दचकले. भागुजी क्लॅरिनेटची पत्ती ओली करत बसला होता, तसाच बसून राहिला.

बँडाचे मालक दस्तगीरभाई. माणूस दिलदार, पण धंदा धंद्याच्या जागी. त्यांनी भागुजीला समोर बसवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, लग्नसराई तोंडावर आहे. वरातीत तुमचा सूर सुटला, तर नवरदेवाचा घोडा बिथरतो आणि लोक मला विचारतात. रविवारी देशमाने साहेबांच्या यंत्राचं लोकार्पण आहे, तेवढं वाजवा. सोमवारपासून क्लॅरिनेट माझा भाचा धरेल."

भागुजी म्हणाला, "मला सूर दातातनं कळतोय, भाई."

खरं होतं ते. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांना टेकतं, सूर हाडातून डोक्यात जातो. आणि ताल तो ढोलवाल्याच्या हाताकडं बघून धरायचा. दोन वर्षं असंच चाललं होतं, कुणाला पत्ता नव्हता. पण पाटी वाचल्यावर सगळ्यांना त्याच्या प्रत्येक सुरात चूक ऐकू यायला लागली. माणसाचं असंच असतं. वैद्यानं नाडी धरली की आपल्याला ताप वाटतो.

दस्तगीरभाई म्हणाले, "दातातनं कळत असेल मास्तर, पण गिऱ्हाइकाला हे कसं सांगू? पाटी सगळ्यांनी वाचलीय."

भागुजी घरी आला. सरूबाई चुलीपुढं डोळे पुसत म्हणाली, "माझंच तोंड जळालं. म्याच सांगितलं."

"इकडं तोंड करून बोल."

"म्याच सांगितलं नंदीला, तुमच्या कानाचं."

"देवाला सांगितलंस न्हवं?"

"व्हय."

"मग तुझं काय चुकलं? देवाला सांगितलेलं गावाला कुणी सांगितलं, त्यानं डोळं पुसावं. भाकरी करपतीय बघ."

असा तो माणूस. रागावला नाही असं नाही. रविवारी सकाळी त्यानं बँडाचा लाल कोट अंगात घातला, सोनेरी गुंड्या एकेक करून लावल्या, आणि शेवटची गुंडी त्याला काही केल्या लागेना. सरूबाईनं लावून दिली. एकतीस वर्षांतली वाजवायची शेवटची सुपारी. त्याला कुणाच्या पाया पडून ती नोकरी मागायची नव्हती. एवढंच वाटत होतं, की जाताना कुणी 'बहिऱ्यानं घोटाळा केला' म्हणू नये.

लोकार्पणाला चारशे माणूस. पाहुण्यांना गादीच्या खुर्च्या, गावाला सतरंजी. दीपमाळेला कर्णे बांधलेले. कार्यक्रम असा होता: साहेबांनी भाषण करायचं, मग एका बाईनं नंदीच्या कानात 'गावाचं भलं होवो' असं सांगायचं, आणि ते कर्ण्यांतून सगळ्यांना ऐकू जायचं. म्हणजे यंत्र कसं चोख ऐकतं ते पाहुण्यांना कळेल. त्यासाठी कंपनीच्या माणसानं नंदीचं यंत्र कर्ण्यांना जोडून ठेवलं होतं, आणि तो व्यासपीठावर वायरी तपासत होता.

साहेब आले. सूट, बूट हातात, कपाळाला केरबानं भस्म लावलेलं. महादेवापुढं वाकले. मागं वळले तर समोर नंदी. आणि मंडळी, इथं साहेब साहेब राहिले नाहीत. लहानपणी परीक्षेला जाताना आई हात धरून ज्या नंदीपाशी न्यायची, तोच हा नंदी. मोठ्या कामाआधी नंदीला सांगायचं, ही हाडाची सवय. पाय आपोआप वळले. साहेब वाकले. उजव्या कानाला तोंड लावलं आणि डाव्या हातानं नंदीचा दुसरा कान चांगला दाबून झाकला, तळहाताची फट राहू दिली नाही.

ज्या कानात यंत्र, त्यात तोंड. आणि ज्या कानात काही नाही, तो बंद. वा रे इंजिनियर.

केरबा गुरव आरतीचं ताट घेऊन गाभाऱ्यात उभा. त्याच्या ध्यानात आलं. "साहेब... साहेब..." करायला लागला. साहेबांना वाटलं, दक्षिणा मागतोय. 'देतो, थांब' म्हणून त्यांनी मान हलवली आणि सांगायला लागले. आणि दीपमाळेवरचे चारही कर्णे सांगायला लागले:

"देवा, भाषण ऑफिसातल्या लोकांनी लिहून दिलंय. मला त्यातलं निम्मं कळत नाही. कुणाला प्रश्न विचारायची बुद्धी देऊ नको. पाय लटपटतायत रे. आणि घरी..."

चारशे तोंडं वर झाली. गादीच्या खुर्च्यांत एकानं रुमाल तोंडात कोंबला. हसू असं कडेकडेनं फुटायला लागलं, दूध उतू जाताना आधी कडेला फेस येतो तसं. आणि साहेब आपले डोळे मिटून, नंदीचा कान झाकून, सांगण्यात इतके गुंग, की कर्ण्यातला आवाज आपलाच आहे हेही त्यांच्या ध्यानात नाही.

भागुजीला यातला एक शब्द ऐकू आला नाही. पण बहिरा माणूस कानाचं काम डोळ्यांनी करतो. त्यानं नंदीपाशी हलणारे ओठ बघितले. कर्ण्याकडं वळलेल्या माना बघितल्या. आणि त्या तोंडांवरचं ते हसू बघितलं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. चार दिवसांपूर्वी झांजा पडल्या आणि तो दचकला नाही, तेव्हा थोड्या वेळानं मागं वळून बघितल्यावर त्याला हेच हसू दिसलं होतं.

आता विचार करा. ज्याच्या पाटीनं याची भाकरी काढून घेतली, तोच समोर उघडा पडतोय. भागुजीनं काय करायला हवं होतं? काहीच नाही. नुसतं उभं राहायचं होतं. तुम्ही काय केलं असतं? मी तर खरं सांगतो, कर्ण्याच्या जरा जवळ सरकलो असतो.

भागुजीनं क्लॅरिनेट दाताला लावला आणि वरातीचं गाणं उचललं.

ठरल्याशिवाय, खुणेशिवाय, असा सणसणीत सूर. आणि बँडाचा नियम काय? मास्तरानं उचललं की पडायचं. ढोल पडला, ताशा पडला, तुताऱ्या पडल्या, झांजा पडल्या. दस्तगीरभाई 'अरे, अरे' करत होते, त्यांचाही हात खुळखुळ्याकडं गेला. नंदीचं यंत्र तो सगळा बँड कर्ण्यांतून परत बाहेर टाकू लागलं. गावात एक आवाज आणि कर्ण्यात दुसरा. त्या गदारोळात 'आणि घरी'च्या पुढं साहेब काय बोलले, ते एका माणसाला कळलं नाही. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, ते उभे राहिले. काहींनी टाळ्या धरल्या.

साहेबांनी डोळे उघडले. कर्ण्यातून बँड ऐकू आला आणि त्यांना सगळं उमगलं. चेहरा कपाळावरच्या भस्मासारखा झाला. बँड थांबल्यावर ते भागुजीपाशी गेले. दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुम्ही काय ऐकलंत?"

भागुजीनं त्यांच्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मला कुठं ऐकू येतंय? तुमच्या पाटीवर लिहिलंय की."

साहेबांनी पाटीकडं बघितलं आणि म्हणाले, "मग वाजवलंत कशाला?"

"झाकण्यासारखं दिसलं. झाकलं."

साहेब व्यासपीठावर गेले. खिशातून भाषणाचा कागद काढला. त्यात चौथ्या ओळीला लिहिलेलं होतं, 'ज्याला लपवायचं काही नाही...' त्या ओळीपर्यंत ते आले आणि थांबले. चारशे माणसं वाट बघत होती. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि कंपनीच्या माणसाला म्हणाले, "आधी ती वायर काढ. मग पाटी उतरव. छप्पर मात्र होईल." खाली उतरले. झालं भाषण. बेलोंडीत इतकं लहान आणि इतकं बरं भाषण पूर्वी झालं नव्हतं.

छप्पर त्यांनी खरंच करून दिलं, हे सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. लपवायचं काही नसावं, हे तो इतके दिवस दुसऱ्यांबद्दल बोलत होता, एवढंच.

आणि दस्तगीरभाई? ते खुळखुळा खाली ठेवून भागुजीपुढं आले. म्हणाले, "मास्तर, न सांगता उचललंत. बँड माझा आहे, हे ध्यानात आहे ना?"

"व्हय."

"पट्टी बरोबर होती. ढोलात आणि तुमच्यात सुताचं अंतर नव्हतं. माझ्या भाच्याचे दोन्ही कान शाबूत आहेत, तरी आज तुमच्या मागं वाजवताना तो अर्धा ताल पुढं गेला होता." मग वळता वळता म्हणाले, "सोमवारी नव्या वाडीची वरात आहे. पाचला या. भाचा झांजा धरेल."

भागुजीला शेवटचं वाक्य दिसलं नाही, कारण भाई तोवर वळले होते. त्यानं सरूबाईकडं बघितलं. ती सतरंजीवर बायकांत बसली होती. तिनं लांबूनच, ओठ मोठे करून, एकेक शब्द तोडून त्याला सांगितलं. सगळ्या बायका ओढ्याकडं बघत होत्या.

आख्यान संपलं, मंडळी. आता तुमच्याकडं येतो.

मघापासून तुमच्यातले निम्मे लोक एकच विचार करतायत: साहेब पुढं काय बोलले? 'आणि घरी' म्हणजे काय? बायकोचं काही? मुलाचं? बघा, बघा, माना कशा पुढं आल्या. ती माउली डबा विसरली. अहो, आत्ताच तर तुम्ही भागुजीला वाखाणलंत ना?

साहेबांवर हसणं सोपं आहे. त्यांनी एका दगडाच्या कानात यंत्र बसवलं, आपल्यात तर ते जन्मतः बसवून येतं. परवा आपल्या गावच्या ग्रुपवर एकाच्या तपासणीचा कागद फिरला. दवाखान्यातला, नावासकट. कोणी पाठवला ते मी विचारत नाही. पण पुढं कोणी कोणी ढकलला? हात वर करू नका. वर करायला लागलात तर सगळा मंडप हात वर करील आणि टाळ धरायला एकही हात उरणार नाही. त्या घरातली बाई आज इथं आलेली नाही, ते तुम्ही बघितलंत का? मी बघितलं.

भागुजीपाशी कान नव्हता, तरी त्यानं दुसऱ्याची लाज झाकली. आपल्याला दोन दोन कान आहेत.

तर एवढंच मागतो. आता मृदंग लागतोय, टाळ उचला, नाम घ्या. आणि गाता गाता कुणाच्या घरातलं काही ऐकू आलंच, तर गाणं थांबवू नका. आवाज वाढवा.